धुतलेलं शेवयांचं मशीन

मी जळगावच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. लोखंड का गंजतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज. ते समीकरण मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. आणि याच माणसाने एका रविवारी सकाळी बिडाचं शेवयांचं मशीन साबण लावून घासलं, नळाखाली धरलं, निथळायचीही वाट न बघता प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि माळ्यावर ठेवून दिलं. वर हात पुसत बायको येण्याची वाट बघत बसला, शाबासकी मिळेल म्हणून.

बायको त्या दिवशी शेजारच्या घरी ज्वारीचे बिबडे लाटायला गेली होती. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बायकांचं असंच असतं. आज हिच्याकडे बिबडे, उद्या तिच्याकडे कुरडया, परवा कुणाकडे तरी पापड. आमच्या शेवया आदल्याच दिवशी झाल्या होत्या. मशीन तिने गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. आत चिकटलेलं पीठ वाळलं की ते ठोकून पाडायचं, जाळीची भोकं सुईने मोकळी करायची, तेलाचा हात फिरवायचा आणि जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून ठेवायचं, अशी त्याची रीत. मला ती रीत माहीत नव्हती. मला फक्त एवढंच दिसलं की खरकटं मशीन गच्चीवर पडलंय आणि त्याला मुंग्या लागल्यात. अर्धवट टाकलेलं काम पाहिलं की माझं डोकं फिरतं. मी ते पूर्ण केलं.

संध्याकाळी तिने विचारलं, "मशीन कुठंय?"

"साफ करून माळ्यावर ठेवलं," मी म्हणालो.

"अरे वा," ती म्हणाली. तिने माझ्याबद्दल चांगलं मत करून घेतलं, ही मात्र तिची चूक.

हे मशीन आमचं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. ते माझ्या सासूबाईंचं. वर कणीक टाकायचं तोंड, आत मळसूत्रासारखा फिरणारा आटा, पुढे पितळी जाळी, ती घट्ट धरून ठेवणारी कडी आणि बाजूला लांब दांडा. खाटेच्या माच्याला आवळून बसवायचं आणि एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने कणीक दाबायची. धुळ्याजवळच्या त्यांच्या खेड्यात उन्हाळाभर ते घरोघर फिरायचं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तेरावं झालं, सामानाची वाटावाट झाली आणि मशीन माझ्या मोठ्या मेहुणीने, म्हणजे अक्कांनी, धुळ्याला आपल्या घरी नेलं.

माझ्या बायकोला आईचं दुसरं काही नको होतं. साडी नको, भांडी नकोत, गळ्यातलंही नको. तिला ते मशीन हवं होतं. पण तिने ते तोंडाने मागितलं नाही, कारण अक्काने आपण होऊन विचारायला हवं होतं. अक्काने विचारलं नाही, कारण हिला हवं असतं तर हिने मागितलं असतं. दोघी एकाच आईच्या मुली, त्यामुळे दोघींचा ताठा अगदी सारखा. तेव्हापासून एकमेकींना फोन फक्त लग्नाला आणि मयतीला.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. दिवाळीला नाही आल्या तरी चालतं, पण आखाजीला यायचंच. झाडाला झोके बांधतात, चाळिशीतल्या बायकासुद्धा त्यावर बसून गाणी म्हणतात, पुरणाचं जेवण होतं आणि दोन दिवस कोणी कोणाची सून नसते. सासूबाई गेल्यावर गावातल्या घराला कुलूप लागलं. माहेर म्हणायला उरलं एक अक्काचं घर, आणि तिथे ही जाईना. तीन आखाज्या ती जळगावातच राहिली. एका आखाजीला तिने घरातले सगळे पडदे धुतले. दुसऱ्या आखाजीला गव्हाच्या कोठ्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या. मी आपला समजत होतो, काय कामाचा झपाटा आहे.

मग या वर्षी होळी झाल्यावर अक्कांचाच फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"मशीन धाडी देस," अक्का म्हणाल्या. "तुन्ह्या शेवया करी ले. आखाजीले लई येजो, आनि दोन दिन ऱ्हायजो."

मग अक्का म्हणाल्या, "आनि पानी नको लावजो त्याले."

हे शेवटचं वाक्य मला पुढे बायकोकडून कळलं, कारण तोवर मी पेपर वाचायला लागलो होतो. फोन ठेवून बायको माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आखाजीला धुळ्यात ऊन असेल ना हो?" आता वैशाखात धुळ्यात ऊन असेल का, हा काय प्रश्न झाला? पण ती रडत होती आणि रडताना माणूस काहीही विचारतो. मी म्हणालो, "असेल. छत्री घेऊन जा." आठवड्याने एस.टी.च्या पार्सलने मशीन आलं, सासूबाईंच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं.

आखाजीला आठ दिवस उरले तेव्हा ती म्हणाली, "मशीन काढा हो खाली. तेलाचा हात फिरवून ठेवते."

मी स्टुलावर चढून पिशवी काढली. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब धरले होते. आत काय दिसणार ते मला तेव्हाच कळलं, कारण हा प्रयोग मी मुलांना परीक्षानळीत करून दाखवतो. गाठी सोडल्या. आतून नारिंगी पाणी फरशीवर आलं आणि त्यामागून मशीन. हिरव्या रंगाचे पोपडे, त्याखाली लाल गंज, आट्याला लाल, कडीला लाल, दांड्याला लाल. आतलं पीठ भिजून, आंबून पुन्हा वाळलं होतं. वास वेगळाच.

"धुतलंत?" तिने विचारलं.

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली.

"पाण्याने?"

"साबणाने," मी म्हणालो, जणू त्याने काही फरक पडणार होता.

ती खाली फरशीवरच बसली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण नेहमीसारखं मिटलं असतं. पण ती ओरडली नाही. "तीन वर्षांनी तिने बोलावलं," ती म्हणाली. "आणि मी आईचं मशीन सडवून घेऊन जाऊ? ती मला उंबऱ्यातूनच परत पाठवेल. आणि तिचं चुकणारही नाही."

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी शिकवायला लागतो, ही माझी खोड. मी म्हणालो, "हे बघ, गंज म्हणजे तसं काही नसतं. लोखंडाचं ऑक्साइड. जसं लागतं तसं काढताही येतं. तू निर्धास्त राहा. हा माझा विषय आहे."

"लावतानाही तुमचाच होता," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी चिंच वापरली. तत्त्व बरोबर होतं. चिंचेत आम्ल, आम्लाने ऑक्साइड विरघळतं. फक्त मशीन मोठं आणि चिंच थोडी, म्हणून मी वर्षाच्या बेगमीची सगळी चिंच भिजत घातली. तिचा गर करून मशीनला आतून-बाहेरून लिंपला. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की सरांनी काहीतरी केलंय. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं दही लावा, कोणी राख, कोणी लिंबू-मीठ. एका बाईंनी दात घासायची पेस्ट सुचवली. एका सद्‌गृहस्थांनी कोल्ड्रिंकमध्ये बुडवा म्हणून सांगितलं आणि माझ्याच पैशाने आणलेल्या बाटलीतला अर्धा ग्लास स्वतः पिऊन गेले. अकरावीत ज्यांना मी काठावर पास केलं होतं, ते आता गच्चीच्या जिन्यात उभे राहून मला गंज समजावून सांगत होते.

चिंचेने बाहेरचा गंज जागोजाग निघाला. बाकीचा होता तिथेच राहिला. मशीन पांढऱ्या डागांच्या म्हशीसारखं दिसू लागलं. आतल्या आट्यापर्यंत तर पोचताच येईना, कारण पुढची कडी गंजून बसली होती. पंक्चरवाल्याकडून बाटलीभर डिझेल आणलं, कडीवर ओतलं, दिवसभर मुरू दिलं आणि नळवाल्याचा मोठा पाना लावून मी आणि बायको दोघं दोन बाजूंनी लोंबकळलो. कडी सुटली तेव्हा मी टाकीवर आदळलो. ती हसली नाही. यावरून प्रकरण किती गंभीर होतं हे लक्षात यावं.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की आता घरगुती उपाय बस झाले, शास्त्रशुद्ध काम करायचं. विजेने गंज काढता येतो. बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्यात एका तारेला गंजकी वस्तू आणि दुसऱ्या तारेला कुठलाही लोखंडाचा तुकडा, आणि मोटरसायकलची बॅटरी भरायच्या चार्जरने वीज सोडायची. गंज आपोआप निघत जातो. कॉलेजात मी हा सगळा धडा शिकवतो. मशीन बादलीत सोडलं, दुसऱ्या तारेला घर बांधताना उरलेल्या सळईचा तुकडा लावला आणि बटण दाबलं. लगेच बुडबुडे यायला लागले. मला इतका आनंद झाला की मी बायकोला गच्चीवर बोलावून घेतलं.

"बघ, ऋण टोकाकडे हायड्रोजन," मी म्हणालो. "धन टोकाकडे..."

"मशीन कुठल्या टोकाला आहे?"

"ते कळायला तुला आधी..."

"मला नाही कळत. तुम्हाला कळतं ना?"

"अर्थातच," मी म्हणालो आणि तिला खाली पाठवून दिलं.

चार तास मी छत्री धरून त्या बादलीशेजारी बसलो. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात जळगावात कोणी गच्चीवर बसत नाही, कावळेसुद्धा नाही. पाणी गढूळ झालं, मग तपकिरी झालं, वर फेस धरला. गंज निघतोय म्हणून मी खूश. शेवटी बटण बंद करून दोन्ही वस्तू बाहेर काढल्या. सळईवरचा सगळा गंज गेला होता. इतकी स्वच्छ सळई मी दुकानातही पाहिली नव्हती. आणि मशीन पहिल्यापेक्षा लाल झालं होतं.

मी तारा उलट्या लावल्या होत्या.

मी किती वेळा मुलांना त्यासाठी वर्गाबाहेर काढलंय! बायकोने सळई हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिली. "छान निघालीय," ती म्हणाली. "अक्काला हीच देऊ का?"

तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली आणि असोद्याचा माझा मित्र वर आला. आम्ही कॉलेजात एकत्र होतो. मी नोकरीला लागलो आणि तो केळीत राहिला. गच्चीवरची बादली, चार्जर, चिंचेचा चोथा, डिझेलची बाटली आणि आम्हा दोघांची तोंडं, हे सगळं बघून तो म्हणाला, "काय भो मास्तर, लोखंडाची आमटी करू राह्यला का?"

मी सगळं सांगितलं. तो हसत हसत टाकीच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, "अरे, ड्रिपच्या नळ्यायले आमी अ‍ॅसिड पाजतो ना. क्षार बसला का नळी बंद होते, अ‍ॅसिड सोडलं का मोकळी. तुह्या मशीनले बी तेच पाजू. उद्या घेऊन येतो."

रसायनशास्त्राच्या माणसाला केळीवाल्याने अ‍ॅसिड सुचवावं, याचा मला राग आला. पण त्याचे ड्रिपचे पाइप वर्षानुवर्षं चालत होते आणि माझी एक सळई सोडून काहीच स्वच्छ झालेलं नव्हतं. मी तोंड मिटून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी तो हातमोजे आणि निळा कॅन घेऊन आला. आधी टपात पाणी आणि मग त्यात अ‍ॅसिड ओतायचं, कधीही उलट करायचं नाही, हे मी त्याला बजावून सांगितलं. "काल उलट कोनं केलं होतं?" त्याने विचारलं. मी टपात पाणी भरायला घेतलं. आम्ही मशीनचे सगळे भाग टपात सोडले आणि वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन उभे राहिलो.

अर्ध्या तासात गंज गेला. खरंच गेला. चिंच, डिझेल आणि वीज यांनी जे झालं नाही ते त्या पिवळट पाण्याने केलं. आतला आटा, कोपरे, दांड्याची फट, सगळीकडून राखाडी बीड वर आलं. त्याबरोबर उरलेला हिरवा रंगही गेला, इतक्या वर्षांचं वाळून दगड झालेलं पीठ गेलं, तेलाचा काळा थर गेला. आणि पितळेची जाळी, जी आम्ही घाईत काढायला विसरलो होतो, ती बाहेर आली तेव्हा तांब्यासारखी गुलाबी झाली होती.

"ही अशी का झाली?" बायकोने विचारलं.

"पितळेत तांबं आणि जस्त असतं. अ‍ॅसिडने वरवरचं जस्त..."

"नका सांगू," ती म्हणाली.

मशीन आम्ही सोड्याच्या पाण्यातून काढलं, तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुतलं आणि चहा घ्यायला खाली गेलो. वर आलो तर मशीनवर पुन्हा नारिंगी झाक. ताजं उघडं पडलेलं बीड चहा संपेपर्यंत थांबत नाही, हेही मला ठाऊक असायला हवं होतं. मित्र कॅन उचलून म्हणाला, "मले तर काई कळत नाई भो, तुमचंच शास्त्र आहे," आणि जो सटकला तो आखाजी होईपर्यंत फिरकला नाही.

यानंतरचं काम बायकोने हातात घेतलं. मला तिने फक्त दूर उभं राहण्याचं काम दिलं. मशीन पुन्हा टपातून काढून, पुन्हा सोडा लावून, पुन्हा धुऊन तिने क्षणभरही न थांबता फडक्याने कोरडं केलं. मग एकेक भाग गॅसवर तव्यात ठेवून हाताला चटका बसेल इतका गरम केला आणि गरम असतानाच शेंगदाण्याचं तेल चोळलं. एकदा, दोनदा, तीनदा. बीड काळसर, गुळगुळीत दिसू लागलं. जाळी तिने राखेने घासून पुन्हा पिवळी केली. मग कणकेचा एक गोळा मशीनमधून काढून फेकून दिला. दुसराही फेकला. तिसरा स्वच्छ निघाला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "रोज भाकरीचा तवा असाच सांभाळतो आम्ही," ती म्हणाली. "आम्हाला कोणी समीकरण शिकवलं नाही."

मला ते लागलं, पण मशीन वाचलं होतं. बरंच चांगलं दिसत होतं, खरं सांगायचं तर नव्यापेक्षाही चांगलं. मी मनात म्हणालो, अक्का काय खूश होतील!

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही एस.टी.ने धुळ्याला निघालो. मशीन सासूबाईंच्या त्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून, पोत्यात घालून मी मांडीवर घेतलं होतं. खाली ठेवायला बायको तयार नव्हती. पारोळ्याला पाण्याची बाटली विकणारा खिडकीशी आला तर तिने खिडकीच लावून घेतली. कंडक्टरने विचारलं, "पोत्यात काय आहे?" बायको म्हणाली, "माझी आई." कंडक्टर मुकाट्याने पुढच्या सीटकडे गेला.

अक्का दारातच उभ्या होत्या. साठीच्या, उंच, सासूबाईंसारख्याच. दोघी बहिणी एकमेकींपासून दोन हात दूर थांबल्या. गळ्यात पडायचं की नाही हे मशीन बघून ठरणार असावं. मी पोतं ओसरीवर ठेवलं. अक्कांनी लुगड्याची गाठ सोडली आणि ते उघडलं. मग त्यांनी मशीन एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, जाळीला बोट लावलं.

"हाई कोनं शे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, अक्का," मी म्हणालो.

"मायनं मशीन हिरवं व्हतं. हाई नवं शे." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "मायनं कोठे शे? हारपनं का? हारपनं ते सांग. नवं कसाले आनं?"

मी गंज काढण्याच्या नादात मशीनची सगळी ओळखच पुसून टाकली होती. चूक लपवावी म्हणून जितकं स्वच्छ करत गेलो, तितकं ते सासूबाईंचं राहिलं नाही. आता गंज सांगितला तर धुतल्याचं कबूल करावं लागणार, आणि नाही सांगितला तर हिने आईचं मशीन हरवलं असं ठरणार. बायको लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी जन्मात पहिल्यांदाच समीकरण न सांगता बोललो.

"अक्का, मी ते पाण्याने धुतलं. तुम्ही नको म्हटलं होतं, हिला फोनवर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. गंजलं. मग गंज काढायला चिंच लावली, डिझेल लावलं, वीज सोडली, अ‍ॅसिड घातलं. हिचा यात काही दोष नाही. हिने ते तव्यात गरम करून वाचवलं. मशीन तेच आहे."

"साबनबी लावा का?" अक्कांनी विचारलं.

"लावला."

अक्का आत गेल्या आणि परात, कणीक घेऊन आल्या. ओसरीवरच्या खाटेला मशीन आवळलं, दांडा हातात धरला आणि बहिणीला डोक्यानेच खूण केली. बायको समोर बसली. तिने कणकेचा गोळा मशीनच्या तोंडात टाकला. अक्कांनी दांडा फिरवला. एक फेरा, दुसरा फेरा. शेवया बाहेर येऊ लागल्या. अक्का थांबल्या.

"अडकत नही," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. "मायनं मशीन अडके. हात खाले गया का अडके. बठ्ठा गावले माहीत शे. पाव्हनानी बठ्ठं गुळगुळीत करी टाकं."

बायकोने मान खाली घातली. म्हणजे त्या अडकण्याचं तिलाही माहीत होतं. आमच्या घरी कणकेचे गोळे काढतानाच तिला ते जाणवलं असणार आणि तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आट्यात कुठेतरी बसलेला जुन्या पिठाचा खडा असेल. मी तो अ‍ॅसिडमध्ये विरघळवून, धुऊन, मोरीत सोडून दिला होता. मला तिथून उठून एस.टी. स्टँडवर जावंसं वाटलं.

"फिरव," बायको हळूच म्हणाली. "कणीक वाळंल."

अक्का पुन्हा फिरवू लागल्या. मी बघत होतो. दांडा वरून खाली आला आणि किंचित थांबला. बायकोचा अंगठा त्याच क्षणी कणीक दाबून वर आला. दांडा पुढे गेला. पुन्हा खाली आला, पुन्हा थांबला, पुन्हा अंगठा. मला वाटलं, अडकलं की काय. मी जवळ जाऊन पाहिलं. आत काहीच अडकत नव्हतं, आटा मोकळा होता. अक्कांचा हात आपणहून थांबत होता, आणि समोरून हिचा अंगठा त्या थांबण्याची वाट न बघता बरोबर त्या वेळेला खाली जात होता. या दोघी लहानपणापासून असंच करत आल्या होत्या, आणि हा ठेका त्यांना दांडा धरणाऱ्या आईच्या हाताने लावला होता.

बायकोच्या आधी ते अक्कांच्या लक्षात आलं. त्यांनी दांडा सोडला आणि आपल्या हाताकडे पाहिलं.

"मन्हा हात थांबस वं," त्या म्हणाल्या.

"मन्हा अंगठाबी," बायको म्हणाली.

मग दोघी एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. कणकेने भरलेल्या हातांनीच त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. अक्कांच्या पाठीवर पिठाचे पाच पांढरे ठसे उमटले. मी तिथे उभा राहून नाक पुसत होतो. उन्हाने, असं मी नंतर सांगितलं.

डोळे पुसून अक्का म्हणाल्या, "हाई मशीन तू लई जाय आते. तुन्हंच शे. मी तव्हाच तुले देवाले पाहिजे व्हतं."

तीन वर्षं हिने याच वाक्याची वाट पाहिली होती. मी मनात पोतं उघडून तयार ठेवलं. बायकोने खाटेच्या माच्यावर हात ठेवला आणि मशीनकडे पाहिलं.

"नही अक्का," ती म्हणाली. "आठेच, तुन्हा घर ऱ्हाऊ दे. मन्हा घर लई गऊ ते तू एखादा साल बोलावशी नही. आठे ऱ्हायनं ते मले दर आखाजीले येनं पडी."